कंदील भरेपर्यंत

कॉम्प्युटर विकत नाही घ्यायचा, सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने जोडायचा, असं मावशीने ठरवलं तेव्हा दवाखान्यात तिची यथेच्छ थट्टा झाली. "माणसांचे कान संपले वाटतं, आता मशीनचे तपासणार!" असं मोठे डॉक्टर म्हणाले. मावशीने हसून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत प्रोसेसरची माहिती वाचत बसली. एकदा मनावर घेतलं की तिला तिच्या आईनेसुद्धा कधी परत फिरवलं नव्हतं.

तिचं काम कान तपासण्याचं. बाहेरचा आवाज आत येणार नाही अशा छोट्या खोलीत पेशंटला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, काचेच्या अलीकडून एकेक बारीक सूर सोडायचा आणि ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. ती स्वतः दुसऱ्या खोलीतून फ्रिजचा सूर बदललेला ओळखायची. लोक कानाने ऐकण्यापेक्षा मनाने जास्त ऐकतात, हे तिचं ठाम मत होतं, आणि अशा मनाने ऐकणाऱ्यांवर तिचा फारसा विश्वास नव्हता.

तिला मावशी म्हणणारी जगात एकच मुलगी होती. नाकाच्या शेंड्यावर तीळ, म्हणून ठिपकी. ठिपकी आता चौदा वर्षांची, वडिलांबरोबर दूर परदेशात राहायची. तिची आई, म्हणजे मावशीची ताई, दोन वर्षांपूर्वी, सगळे इथेच राहत असताना, आजारपणात गेली. ती गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या धावपळीत ठिपकीला शाळेतून आणायचं राहूनच गेलं. भावोजींना वाटलं मावशी आणेल, मावशीला वाटलं शेजारीण आणेल. पोरगी दिवेलागणीपर्यंत शाळेच्या फाटकाशी एकटी उभी होती. तेव्हापासून वाट बघणं म्हटलं की तिच्या कपाळावर आठी चढायची आणि तोंडाला कुलूप लागायचं.

फोनवर तर ती 'हो', 'नाही', 'बरी आहे' याच्यापुढे जायची नाही. बोलायची ती फक्त खेळात. रविवारी दुपारी, म्हणजे ठिपकीच्या सकाळी, दोघी आपापल्या घरी हेडफोन घालून एका कॉम्प्युटर गेममध्ये भेटायच्या. त्यात एक नदी होती, नदीकाठी त्या दोघींनी लाकडं तोडून बांधलेली झोपडी होती. लाल टोपीवाली बाहुली ठिपकीची, पिवळ्या रेनकोटवाली मावशीची. हातांना असं काही काम लागलं की ठिपकी बोलायला लागायची. शाळेतल्या भांडणांबद्दल, भावोजींच्या करपलेल्या पोळ्यांबद्दल, आणि कधीतरी मध्येच, लाकूड तोडता तोडता, आईबद्दल.

पण मावशीचा लॅपटॉप म्हातारा झाला होता. खेळ उघडताना पडद्यावर एक रिकामा कंदील यायचा, तो उजेडाने हळूहळू भरायचा आणि काठोकाठ भरला की नदी दिसायची. मावशीचा कंदील अर्ध्यावर येऊन विझायचा. पलीकडे ठिपकी झोपडीच्या दारात उभी. एका रविवारी असं तीनदा झालं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "जाऊ दे मावशी. सगळे असंच करतात." आणि निघून गेली. मावशी बराच वेळ त्या विझलेल्या कंदिलाकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिने ठिपकीला निरोप धाडला, 'यापुढे मी तुला थांबायला लावणार नाही. शब्द.' आणि सुट्या भागांच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

दुकान जिन्याखालच्या पोकळीत कोंबल्यासारखं होतं. तिन्ही भिंतींना छतापर्यंत खोके. दुकानदार बोलका, आणि गिऱ्हाइकाला शिकवल्याशिवाय माल न देणाऱ्यांपैकी. मदरबोर्ड, मेमरी, ग्राफिक्स कार्ड असं सगळं ठरलं आणि गाडी साठवणीवर आली, तेव्हा मावशीने पिशवीतून नॅपकिनात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क काढून काउंटरवर ठेवली.

"ही चालेल का?"

दुकानदाराने ती हातात घेऊन तोलली. "फिरणारी आहे. जुनी आहे. कुणाची?"

"बहिणीची. ती स्टुडिओत फोटो नीटनेटके करायचं काम करायची. घरातले सगळे फोटोही यातच आहेत."

"मग फोटोंसाठीच ठेवा." त्याने ड्रॉवरमधून एक एसएसडी काढली. च्युइंगमच्या पट्टीएवढी, हिरवी, बिनआवाजाची. "सिस्टिम आणि गेम यावर टाका. यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे मागितलं की लगेच हातात. त्या बाबाला आत तबकडी फिरवून, काटा सरकवून शोधावं लागतं. त्याच्यावर गेम टाकलात तर सगळे पोचतील आणि तुम्ही वाटेतच!"

मावशीने विचार केला. खेळ अवाढव्य होता. ताईची डिस्क ऐसपैस होती, अर्ध्याहून जास्त रिकामी. आणि खरं कारण तिने दुकानदाराला सांगितलं नाही. ताईची एखादी वस्तू या मशीनमध्ये असावी, कपाटात नुसती पडून राहू नये, असं तिला फार वाटत होतं. तिने सिस्टिमपुरती छोटी पट्टी घेतली. खेळ ताईच्या डिस्कवर टाकायचं ठरवलं. चार क्षण उशीर झाला तर झाला, अर्ध्यात विझण्यापेक्षा बरं.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून तिने मशीन जोडलं. प्रोसेसर बसवताना श्वास रोखला, पंख्याचे स्क्रू तिरपे एकेक करून आवळले, एक केबल उलटी लावून पुन्हा सुलटी केली. नवी पट्टी मदरबोर्डवर आडवी बसली. ताईची डिस्क खालच्या खणात. सगळं जोडून झाल्यावर सिस्टिम टाकली, बटण दाबलं, आणि मशीन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. घरात कुणी नव्हतं म्हणून तिने स्वतःचीच पाठ थोपटली.

डिस्कचा आवाज तिने लगेच टिपला. किर्र, आणि मग टक. पुन्हा किर्र, मग टक टक. आतला काटा जागा शोधताना होतो तो आवाज. ताई रात्री घरी फोटोंवर बसायची तेव्हा त्यांच्या दोघींच्या खोलीत हाच आवाज असायचा, आणि मावशी त्यावर झोपी जायची. आवाज ओळखीचा निघाला याचा तिला आनंदच झाला.

पहिल्या रविवारी कंदील सावकाश पण न विझता भरू लागला. मावशी हेडफोन घालून बसली होती.

"येतेय गं," ती म्हणाली. "कंदील भरतोय."

"आलीस की," ठिपकी म्हणाली. "ही काय समोर उभी आहेस."

मावशीच्या पडद्यावर कंदील जेमतेम पावभर होता. तो भरला तेव्हा तिची पिवळी बाहुली झोपडीपाशी उभी होती आणि ठिपकी खुशीत होती. "आज मला थांबावंच लागलं नाही!" मावशी खूश झाली. संध्याकाळी तिने दुकानदाराला फोन करून विचारलं, आपलं चित्र उघडायच्या आधी आपली बाहुली समोरच्याला दिसू शकते का.

"दिसते की," तो म्हणाला. "बाहुली तिकडे उभी राहते, तुमचं चित्र मागाहून येतं. त्यात काय!"

मावशीला कारण कळलं म्हणजे पुरे असायचं. तो विषय तिने तिथेच मिटवला.

पुढच्या रविवारी कंदील भरत असताना ठिपकी हसत होती. एकटी नाही, कुणाच्या तरी गमतीला दाद दिल्यासारखी. "अगं, ते लाकूड तिथे नको, इकडे," ती म्हणाली. "हां, अस्संच!"

"कुणाशी बोलतेस?"

"तुझ्याशी! आणखी कुणाशी?"

मावशीने हेडफोनचा एक कान बाजूला केला आणि मशीनकडे कान दिला. पंख्याची घरघर होती. डिस्क गप्प होती. किर्र नाही, टक नाही. म्हणजे ती काही वाचत नव्हती. कंदील मात्र वर चढत होता. मग एकदम टक टक झालं, कंदील भरला, नदी दिसली. झोपडीला नवी भिंत लागली होती. पिवळ्या रेनकोटच्या हातात कुऱ्हाड होती.

मावशीने पहिलं काम काय केलं, तर खेळाचा पासवर्ड बदलला. कुणी आगाऊ माणूस तिच्या नावाने शिरत असेल तर त्याची सोय लागली. पुन्हा दुकानदाराला फोन. "उभी राहते ते कळलं. पण चालते का? काम करते का?"

तो हसला. "चालायला कुणीतरी कळ दाबायला पाहिजे ना, मॅडम!"

त्यानंतरच्या रविवारी ठिपकीने सहज विचारलं, "मावशी, तू सारखी मागे वळून का बघतेस गं?"

"कधी?"

"आत्ता. पुलाकडे जाताना. तुला सोडून पळणार नाहीये मी, कळलं?"

नदीवर एक लाकडी पूल होता. त्यापलीकडे धुकं. खेळ बनवणाऱ्यांनी तिकडची जमीन अजून केलीच नव्हती, पलीकडे काही नाही असं तिथल्या पाटीवर लिहिलेलं होतं. दोघी त्या बाजूला कधी गेल्या नव्हत्या. मावशीचा कंदील त्या वेळी अर्धाही भरलेला नव्हता.

ठिपकीने आपल्या पडद्याचं चित्रण करून पाठवलं. मावशीने ते दवाखान्यात, पेशंट नसताना, आवाजबंद खोलीत बसून पाहिलं. पिवळा रेनकोट लांब लांब पावलं टाकत पुलाकडे चालला होता. मध्येच थांबला. वळून पाहिलं. दोन पावलं गेला, पुन्हा वळून पाहिलं.

लहानपणी शाळेत जाताना ताई पुढे आणि ही मागे. ताईच्या ढांगा मोठ्या. कोपऱ्यावर थांबून ती मागे बघायची, धाकटी येतेय ना म्हणून. दोन पावलं गेली की पुन्हा बघायची. एकदा बघून तिचा विश्वास बसायचा नाही. आई म्हणायची, मान मोडून घेशील एक दिवस. ही गोष्ट ठिपकीला कुणी सांगितलेली नव्हती.

मावशीने चित्रण पुन्हा पाहिलं नाही. बाहेर पेशंट आले होते. तिने त्यांचे कान तपासले, रिपोर्ट लिहिले, कुठेही चूक केली नाही. घरी आल्यावर मात्र ती मशीनजवळ जाऊन उभी राहिली, खालच्या खणाच्या पत्र्यावर हात ठेवला आणि तिला रडू आलं. मोठ्याने, लहान मुलीसारखं. दोन वर्षांत ती अशी रडली नव्हती.

हे असंच चालू राहिलं असतं तर कदाचित तिने काही केलंही नसतं. खोटं कशाला बोला, तिला ते हवंसं वाटायला लागलं होतं. रविवारी कंदील भरत असताना ती गप्प बसून ठिपकीचा आवाज ऐकायची. पोरगी त्या वेळी जितकी मोकळी बोलायची तितकी नंतर मावशीशी बोलायची नाही. मग एका रविवारी ठिपकी म्हणाली, "मावशी, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांग."

"तू जरा हळूच येत जा ना."

मावशीने हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

"म्हणजे तू येण्याआधी तू जशी असतेस ना, ती मला जास्त आवडते. पुढच्या वेळी आम्ही पलीकडे जाणार आहोत. पुलाच्या."

"पलीकडे काही नाही, ठिपकी. पाटी वाचलीस ना?"

"तिला माहितीये तिथलं," ठिपकी म्हणाली.

त्याच आठवड्यात भावोजींचा फोन आला. ते कधी कुणाबद्दल तक्रार करणारे गृहस्थ नव्हते. "ती खात नाही नीट," ते म्हणाले. "शाळेतून आली की त्या खुर्चीत. खेळत नाही, नुसती बघत बसते. विचारलं तर म्हणते, रविवार लवकर यायला पाहिजे. तुम्ही तिला कुठे नेणार आहात का? बॅग भरून ठेवलीय तिने."

"मी बघते, भावोजी," मावशी म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका."

तिने कंबर कसली. काय आहे, का आहे, याचा काथ्याकूट करत बसायला तिला वेळ नव्हता. तिला एवढं दिसत होतं की जे काही येतं ते कंदील भरेपर्यंतच्या वेळात येतं. तो वेळच ठेवायचा नाही. खेळ नव्या, मोठ्या एसएसडीवर घ्यायचा आणि ताईची डिस्क काढून टाकायची. ती दुकानात गेली. दुकानदाराने 'मी सांगत होतो' असा चेहरा केला, पण तोंडाने काही बोलला नाही. त्याच्याकडची सगळ्यात वेगवान पट्टी तिने घेतली.

घरी येऊन तिने पट्टी बसवली, डिस्कची केबल ओढून काढली आणि बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, सुरू करण्याजोगं काही सापडत नाही. तिने पुन्हा दाबलं. तेच. डिस्कची केबल लावली, मशीन मुकाट सुरू झालं. किर्र, टक.

केबल काढली की बंद, लावली की चालू. ती सोडायला तयार नाही असंच वाटावं. तरी मावशीने फोन उचललाच.

"सिस्टिम टाकली तेव्हा दोन्ही जोडलेल्या होत्या का?" दुकानदाराने विचारलं.

"हो."

"झालं! अहो, पहिलं मशीन जोडणारा प्रत्येक जण हेच करतो. सिस्टिम तुमच्या छोट्या पट्टीवर गेली, पण सुरुवात करून देणारा तुकडा जाऊन बसला जुन्या डिस्कवर. आता तिच्याशिवाय ते उठणारच नाही. पुन्हा टाका. या वेळी ती डिस्क सोडवून बाजूला ठेवा, एकटी छोटी पट्टी जोडा. कळलं?"

मावशीला इतकं हायसं वाटलं की ती हसत सुटली. भूत नाही, तर वेंधळेपणा! तिने आधी ताईच्या फोटोंचा गठ्ठा नव्या पट्टीवर उतरवून घेतला, मग डिस्क बाहेर काढली आणि नॅपकिनात गुंडाळून कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवली. मग पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. या वेळी मशीन बिनआवाजात सुरू झालं. आपल्या घरात किती शांतता असते हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रविवारी तिने खेळ उघडला. कंदील आला तसा गेला. हेडफोन नीट बसायच्या आधी समोर नदी होती आणि झोपडीच्या दारात लाल टोपी.

"आलीस?" ठिपकी म्हणाली. "इतक्यात?"

"आले."

पोरीने लाकूड तोडलं नाही, काही नाही. नुसती पुलाकडे तोंड करून उभी राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "ती आता येणार नाही का?"

"नाही. पण मी आलेय. आणि मी कुठे जाणार नाहीये."

मग ठिपकी रडली. शाळेच्या फाटकाबद्दल ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. फाटकाचा रखवालदार घरी गेला तरी तिने दप्तर खाली ठेवलं नव्हतं, कारण दप्तर खाली ठेवलं की आई येणार नाही असं तिला वाटत होतं. मावशी ऐकत राहिली. कान तपासणारीला ऐकण्याचा पगार मिळतो, पण इतकं जीव ओतून तिने आजवर काही ऐकलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "मला माफ कर. त्या दिवशी मी यायला हवं होतं. यापुढे तू कुठेही उभी असलीस तरी मी थांबेन, तू नाही."

"नक्की?"

"नक्की."

मग दोघींनी झोपडीला खिडकी बसवली. उठताना ठिपकी म्हणाली, "आईचे फोटो आहेत ना तुझ्याकडे? पाठवशील?"

मावशीला त्यात वावगं काही वाटलं नाही. पोरीला आई हवी तर ती अशी असावी, फोटोतली, ठिकाणावरची. तिने सगळाच्या सगळा गठ्ठा पाठवून दिला. तो जायला दोन दिवस लागले. बुधवारी भावोजींचा फोन आला. ठिपकी दोन वेळा जेवली होती आणि बॅग रिकामी करून कपाटावर टाकली होती.

मावशीने त्या आठवड्यात पडदे धुतले, दवाखान्यात सगळ्यांना चहा पाजला, मोठ्या डॉक्टरांना एसएसडी आणि हार्ड डिस्क यांतला फरक पटवून दिला. रविवारी ती वेळेआधीच खुर्चीत बसली. आज ठिपकीच्या आधी पोचायचं, तिची वाट बघायची, असं तिने ठरवलं होतं.

कंदील आला आणि गेला. नदी दिसली.

लाल टोपी झोपडीपाशी उभीच होती.

"हरवलंस मला!" मावशी हसून म्हणाली. "आज तरी मला आधी येऊ द्यायचंस."

लाल टोपी काही बोलली नाही. वळली आणि चालायला लागली. मावशी तिच्या मागे निघाली. खिडकीवरून, लाकडांच्या ढिगावरून, नदीच्या कडेने.

हेडफोनमध्ये खरखर झाली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मावशी? आलीस पण तू?"

"केव्हाची. तुझ्या मागेच तर आहे."

"माझ्या?" ठिपकी म्हणाली. "मी कुठे आलेय अजून? माझा कंदील अर्धासुद्धा नाही भरला. आईचे फोटो टाकले ना, ड्राइव्ह पार भरून गेलीय. सगळं हळू चाललंय."

मावशी ऐकत होती. ठिपकीच्या आवाजाच्या मागे, तिच्या खोलीतून, बारीक काहीतरी येत होतं.

किर्र. टक.

ठिपकीच्या मशीनमध्ये फिरणारं काहीच नव्हतं. भावोजींनी घेतलं तेव्हा मावशीनेच ते पाहून दिलं होतं. ताईची डिस्क इथे, कपाटात, नॅपकिनात होती.

किर्र. टक टक.

लाल टोपी पुलापाशी पोचली. लांब लांब पावलं टाकत. थांबली.

वळून पाहिलं.

दोन पावलं गेली.

पुन्हा वळून पाहिलं.

"मावशी, तू थांबशील ना?" ठिपकी म्हणाली. "मी येईपर्यंत?"

'थांबते,' असं म्हणायला मावशीने तोंड उघडलं.

पिवळा रेनकोट पुलाची पहिली फळी ओलांडून गेला होता. कळीवरचं बोट तिचंच होतं.